पाठीचा वर्ग घेणारा शिक्षक कसा घडवावा

कंबर आणि पाठीच्या दुखण्यासाठीचे खास व्यायामवर्ग आता मोठ्या शहरांपुरते राहिलेले नाहीत. योगवर्ग, फिजिओथेरपी केंद्रं, जिम, सोसायटीचं सभागृह, ज्येष्ठ नागरिक संघ, सगळीकडे ते चालतात आणि चालायलाच हवेत. २०२० साली जगभरात सुमारे ६२ कोटी लोकांना कंबरदुखी होती आणि २०५० पर्यंत हा आकडा ८४ कोटींच्या घरात जाईल, असा जागतिक रोगभार अभ्यासाचा अंदाज आहे. एवढ्या माणसांना एकेकटं गाठून व्यायाम शिकवणं कुठल्याच आरोग्यव्यवस्थेला झेपणारं नाही. गटानं शिकवणं ओघानंच आलं. प्रश्न आहे तो हे वर्ग आखणाऱ्या शिक्षकाला नेमकं काय शिकवायचं हा. बऱ्याच प्रशिक्षणांत आधी मणक्यांची रचना, मग स्नायूंची नावं आणि उरलेला सगळा वेळ तीस-चाळीस व्यायामांची किंवा आसनांची उजळणी, असा क्रम असतो. यातली माहिती चुकीची नसते, वेळेची वाटणी चुकते. माझं म्हणणं असं की पाठीच्या वर्गाच्या शिक्षकाला व्यायाम थोडे आले तरी चालतात. कोणाला वर्गात घ्यायचं, कोणाला कुठल्या पायरीवर ठेवायचं, पायरी कधी चढवायची आणि दुखलं की काय सांगायचं, हे निर्णय मात्र त्याला पक्के घेता आले पाहिजेत. प्रशिक्षणाचा मोठा वाटा या निर्णयांवर खर्च व्हायला हवा.

याला आधार संशोधनाचा आहे. जुनाट कंबरदुखीत व्यायामाचा किती उपयोग होतो, यावरचा कॉक्रेनचा २०२१ चा आढावा २४९ चाचण्यांवर उभा आहे. व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत करणाऱ्यांचं दुखणं १०० पैकी सरासरी १५ गुणांनी कमी झालेलं त्यात दिसतं, म्हणजे फायदा खरा आहे. पण व्यायामाचा अमुक एक प्रकार बाकी सगळ्यांना मागे टाकतो, असं काही ठामपणे हाती लागत नाही. काही विश्लेषणांत पिलाटिस किंवा मॅकेन्झी पद्धत थोडी पुढे दिसते, पण तो फरक एवढा नाही की त्यावर एखाद्या संस्थेनं आपल्या पद्धतीची दवंडी पिटावी. अमेरिकेत २०११ साली २२८ जणांच्या चाचणीत योगवर्ग आणि नुसते ताणाचे व्यायाम यांचा परिणाम जवळजवळ सारखा निघाला. २०१७ साली बॉस्टनमध्ये ३२० जणांवर, त्यातही प्रामुख्यानं कमी उत्पन्नाच्या वस्त्यांतल्या लोकांवर झालेल्या चाचणीत आखीव योगवर्ग हे एकेकट्यानं घेतलेल्या फिजिओथेरपीपेक्षा कमी पडले नाहीत. नव्वदच्या दशकात पोटाच्या आतल्या थरातला स्नायू वेगळा काढून बळकट करण्याची मोठी लाट आली होती. पुढे तुलना झाल्या तेव्हा साध्या सर्वांगीण व्यायामापेक्षा तिचा वेगळा असा मोठा लाभ दिसला नाही. मग प्रशिक्षणार्थीला चाळिसावा व्यायाम शिकवून पेशंटच्या पदरात काय पडणार?

इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठाची २०११ सालची चाचणी पाठीचे वर्ग घेणाऱ्या प्रत्येकानं नीट समजून घ्यावी अशी आहे. तिचा एक धागा थेट पुण्यापर्यंत येतो, कारण वर्ग घेणाऱ्यांत बी. के. एस. अय्यंगार यांच्या परंपरेतले शिक्षक होते आणि दुसऱ्या एका ब्रिटिश योगसंस्थेचेही होते. दोन्ही परंपरांच्या शिक्षकांनी पाठीसाठी मुद्दाम आखलेला, पायरीपायरीनं चढणारा एकच अभ्यासक्रम शिकवला: तीन महिने, आठवड्याला एक, एकूण १२ वर्ग. ३१३ जण सहभागी होते. तीन महिन्यांनी योगवर्गातल्यांची रोजची कामं करण्याची क्षमता योगवर्ग न केलेल्या गटापेक्षा स्पष्ट सुधारलेली होती आणि वर्षानंतरही तो फरक काही प्रमाणात टिकून होता. दुखण्याच्या तीव्रतेत मात्र दोन गटांत फारसं अंतर पडलं नाही. वाढला होता तो दुखत असतानाही आपण काम करू शकतो हा विश्वास, निदान पहिले सहा महिने तरी. म्हणजे माणसं कामाला लागली, ती दुखणं नाहीसं झालं म्हणून नव्हे. त्याच चाचणीत आणखी दोन गोष्टी दिसतात आणि त्या प्रशिक्षणात हमखास सांगायला हव्यात. सुरुवातीच्या सहापैकी किमान तीन आणि आणखी कुठलेही तीन एवढे वर्गसुद्धा फक्त ६० टक्के लोकांनी केले. आणि योगवर्गातल्या १५६ पैकी १२ जणांना काही ना काही त्रास झाला, बहुतेक वेळा दुखणं वाढलं. नाणावलेले शिक्षक, तपासून आखलेला अभ्यासक्रम, तरीही हे होतं. गळती आणि दुखण्याचं उफाळणं हे तुमच्या वर्गातही होणार, असं धरूनच आखणी केली पाहिजे.

पहिला निर्णय वर्गाच्या दारातला. कंबरदुखीच्या बहुसंख्य पेशंटमध्ये एखादं गंभीर कारण सापडत नाही आणि त्यांना हालचाल हितकारकच असते. पण थोड्यांच्या बाबतीत व्यायाम सुरू करणं म्हणजे मोलाचा वेळ घालवणं ठरतं, आणि ते थोडे ओळखता येणं ही या कामाची किमान पात्रता आहे. लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणं, मांड्यांच्या मधल्या भागाला बधिरपणा येणं, पायातली ताकद दिवसागणिक कमी होणं यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी रुग्णालय. ‘उद्या बघू’ नाही. आधी झालेला कर्करोग, कारणाशिवाय घटलेलं वजन, पडणं किंवा अपघात, वर्षानुवर्षं घेतलेली स्टेरॉइड्स, कुठल्याही कुशीवर न थांबणारं रात्रीचं दुखणं, ही दुसरी फळी. आपल्याकडे या यादीत क्षयरोग ठळकपणे हवा. परदेशी पुस्तकांत त्याचा उल्लेख ओझरता असतो, पण जगातल्या क्षयरोग्यांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे आणि हाडांच्या क्षयात सर्वाधिक ग्रासला जातो तो मणकाच. महिनोन्‌महिने एकाच जागी दुखणारी पाठ, संध्याकाळी येणारी कणकण आणि उतरणारं वजन घेऊन कोणी आलं, तर त्याला भुजंगासन नको, डॉक्टरची चिठ्ठी हवी. हे प्रश्न कागदावर छापून सही घेतली की झालं, असं होत नाही. लघवीबद्दलच्या प्रश्नाला पन्नाशीची बाई पुरुष शिक्षकासमोर चारचौघांत नीट उत्तर देणार नाही. तो एकांतात, साध्या मराठीत आणि न अडखळता कसा विचारायचा, याचा सराव प्रशिक्षणात जोडीजोडीनं करून घ्यावा लागतो.

इथे एक आक्षेप येतो आणि तो बहुधा फिजिओथेरपिस्टांकडून येतो: योगशिक्षकानं या वाटेला जाऊच नये, हे वैद्यकीय काम आहे. निदान करणं हे योगशिक्षकाचं काम नाही, हे शंभर टक्के मान्य. पण धोक्याची खूण ओळखून माणसाला पुढे पाठवणं म्हणजे निदान करणं नव्हे. शिवाय पाठ दुखणारी माणसं योगवर्गात आजही जातच आहेत. शिक्षकाला हे प्रश्न शिकवले नाहीत म्हणून ती घरी थांबणार नाहीत, ती न तपासता वर्गात बसतील. त्यामुळे प्रशिक्षण द्यायचं की नाही हा प्रश्नच उरत नाही. कोणाबरोबर द्यायचं एवढाच उरतो. योगशिक्षक आणि फिजिओथेरपिस्ट यांना एकाच खोलीत बसवून, एकाच पेशंटच्या माहितीवर निर्णय घ्यायला लावणं हे मला सगळ्यात उपयोगाचं वाटतं. एकाला गट हाताळायची सवय असते, दुसऱ्याला तपासणीची. दोघांनाही दुसऱ्याकडून शिकण्यासारखं भरपूर आहे, आणि पुढे एकमेकांकडे पेशंट पाठवायचे तर ओळख इथेच झालेली बरी.

दारातून आत आलेला माणूस हातात बहुतेक वेळा एमआरआयचा रिपोर्ट घेऊन येतो. ‘मणक्यात गॅप आहे’, ‘गादी सरकलीय’, ‘नस दबलीय’, ‘वाकायचं नाही असं सांगितलंय’. आपली पाठ ठिसूळ झाली आहे या समजुतीनं तो जपून बसतो, जपून उठतो, आणि जपता जपता आणखी कमजोर होतो. अजिबात दुखणं नसलेल्या लोकांच्या स्कॅनचा २०१५ साली एकत्रित आढावा घेतला गेला. वयाच्या पन्नाशीत, काहीही तक्रार नसलेल्यांपैकी ८० टक्क्यांच्या चकतीत झीज दिसली आणि ६० टक्क्यांच्या चकतीला फुगवटा. विशीतल्या ठणठणीत मुलामुलींतही झिजेचं प्रमाण ३७ टक्के होतं. शिक्षकाला रिपोर्ट वाचता आला पाहिजे असा माझा आग्रह नाही. रिपोर्टमधली झीज आणि समोरच्या माणसाचं दुखणं यांचं नातं सरळ नसतं, एवढं त्याला माहीत हवं आणि डॉक्टरचा अधिक्षेप न करता ते सांगता आलं पाहिजे. ‘तुमच्या वयाच्या धडधाकट माणसांच्या स्कॅनमध्येही हे दिसतं, आपण हळूहळू वाकायची सवय परत करू’ हे वाक्य पुरतं. ‘पाठ जपा हं काकू, मणका सरकेल’ असं शिक्षकच म्हणाला, तर पुढचे बारा वर्ग त्या एका वाक्याशी झगडण्यात जातात. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांत माहिती देणं आणि आखीव व्यायाम यांची शिफारस आहे. कमरेचे पट्टे आणि ट्रॅक्शन यांची शिफारस नाही. हे दोन्ही आपल्याकडे सर्रास वापरले जातात, तेव्हा पट्टा बांधून वर्गात आलेल्या माणसाशी काय बोलायचं याचीही तयारी हवी. पट्टा पहिल्याच दिवशी काढायला लावू नये. एका व्यायामापुरता, मग दोन व्यायामांपुरता सोडवत न्यावा.

व्यायाम थोडे का चालतात, ते एका हालचालीवरून दाखवतो. जमिनीवरची बादली उचलणं ही आपल्याकडच्या बहुतेक घरांतली रोजची गोष्ट आणि कंबर धरलेल्या माणसाला सगळ्यात जास्त भीती वाटते तीही हीच. पहिल्या पायरीला माणसाला भिंतीकडे पाठ करून, भिंतीपासून वीतभर पुढे उभं करा, समोरच्या खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात ठेवायला सांगा आणि गुडघे सैल ठेवून पार्श्वभागानं भिंतीला हलकेच शिवायला लावा. ‘पाठ सरळ ठेवा, खुब्यातून वाका’ असं दहादा ओरडून जे होत नाही, ते भिंतीच्या त्या स्पर्शानं एका मिनिटात होतं. दुसऱ्या पायरीला खुर्ची काढून घ्या. हात मांड्यांवरून घसरत गुडघ्यांपर्यंत यावेत. तिसरीत स्टुलावर ठेवलेली एक लिटरची पाण्याची बाटली दोन्ही हातांनी उचलायची. चौथीत जमिनीवरची अर्धी भरलेली बादली, आधी दोन्ही हातांनी आणि नंतर एका हातानं. एका पायरीवर सलग दोन वर्गांत दहा आवर्तनं श्वास न रोखता झाली आणि त्यातून आलेलं दुखणं दुसऱ्या सकाळपर्यंत पूर्वपदावर आलं, तर वरची पायरी. नाहीतर तिथेच, किंवा एक खाली. करताना थोडं दुखलं तर घाबरण्याचं कारण नाही. अनेक कार्यक्रमांत दहापैकी पाचपर्यंतचं दुखणं, ते नंतर ओसरत असेल तर, चालवून घेतलं जातं. आणि हे सगळं जमू लागलं की पाठ गोल करून वाकणंही मुद्दाम शिकवा. पलंगाखालची चप्पल काढताना, मुलाला उचलताना, भातलावणीत किंवा खुरपणीत कोणी पाठ सरळ ठेवून वाकत नाही. उचलण्याची ‘योग्य’ पद्धत शिकवल्यानं कामगारांची कंबरदुखी टळत नाही, हे याआधीच्या आढाव्यांतून पुढे आलेलं आहे. फायदा होतो तो वेगवेगळ्या तऱ्हांनी वाकण्याची ताकद आणि सवय वाढल्यानं. प्रशिक्षणार्थीची परीक्षा अशीच घ्यावी: एक हालचाल द्या, चार पायऱ्या मांडायला सांगा, आणि समोर चार वेगवेगळी माणसं उभी करून कोण कुठल्या पायरीवर ते ठरवायला लावा.

एका गटाच्या बाबतीत मात्र व्यायामाची निवड कळीची ठरते आणि ‘कुठलाही व्यायाम चालतो’ हे वाक्य तिथे धोक्याचं आहे. पाळी गेल्यानंतर हाडं विरळ झालेल्या स्त्रियांना बसून पुढे घडी घालणारे व्यायाम देऊ नयेत, या सल्ल्यामागे मेयो क्लिनिकमधला १९८४ सालचा अभ्यास आहे. मणक्याचा ऑस्टिओपोरोसिस असलेल्या ५९ स्त्रियांपैकी ज्यांना पाठ मागे ताणण्याचे व्यायाम दिले, त्यांच्यातल्या १६ टक्के जणींच्या मणक्यात नवे अस्थिभंग दिसले. ज्यांना पुढे वाकण्याचे दिले, त्यांच्यात ८९ टक्के. अभ्यास लहान होता आणि त्याची रचना आजच्या कसोटीला उतरणारी नाही, तरी एवढ्या तफावतीकडे डोळेझाक करण्याचं धाडस कुठल्याही जबाबदार शिक्षकानं करू नये. पश्चिमोत्तानासन, हलासन, सिट-अप हे या स्त्रियांच्या यादीतून वगळावेत. पण म्हणून त्यांना खुर्चीवर बसवून नुसते हात हलवायला लावणंही अन्यायाचं आहे. ऑस्ट्रेलियात २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हाडांची घनता कमी असलेल्या १०१ स्त्रियांपैकी एका गटानं आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, कडक देखरेखीखाली जड वजनं उचलली. त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता वाढली आणि अस्थिभंग वाढले नाहीत. उचलण्याच्या हालचालींपैकी एक होती ती खुब्यातून वाकण्याचीच, म्हणजे आपल्या बादलीचीच वरची पायरी. साठीच्या बाईला बळकट होण्याचा हक्क आहे, आणि ती संधी देण्याएवढं कौशल्य तिच्या शिक्षकाकडे असलं पाहिजे.

एवढं सगळं पंधरा जणांच्या वर्गात कसं जमणार, हा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. सगळ्यांना एकच व्यायाम एकाच तालात करून घ्यायचा म्हटलं, तर खरंच जमणार नाही. डेन्मार्कमध्ये साउथ डेन्मार्क विद्यापीठानं उभा केलेला ग्लॅड बॅक हा कार्यक्रम या प्रश्नाचं चांगलं उत्तर आहे. फिजिओथेरपिस्ट आणि कायरोप्रॅक्टर दोन दिवसांचं प्रशिक्षण घेतात. मग पेशंटसाठी माहितीची दोन सत्रं आणि देखरेखीखालच्या व्यायामाची सोळा सत्रं होतात. गट एक, पण प्रत्येक व्यायामाला चढत्या पायऱ्या, आणि ज्याची त्याची पायरी वेगळी. दोन दिवस पुरतात ते तिथे आलेल्यांना तपासणी आधीच येते म्हणून. आपल्याकडे योगशिक्षकांसाठी याहून बराच जास्त वेळ धरावा लागेल. वर्गात हे उतरवायचं तर शिक्षकानं आपली जागा बदलली पाहिजे. पुढे सतरंजीवर बसून स्वतः आसन करून दाखवणाऱ्याला मागच्या ओळीतल्या बाईनं दात आवळून श्वास धरलाय हे दिसत नाही. पहिल्या दहा मिनिटांनंतर प्रात्यक्षिक बंद करा, पायऱ्यांची चित्रं भिंतीवर लावा आणि माणसांमधून फिरा. दहा-बारापेक्षा जास्त लोक एकट्यानं घेऊ नका. जास्त लोक म्हणजे जास्त फी हे खरं, पण ज्याच्याकडे तासात एकदाही लक्ष गेलं नाही, तो चौथ्या वर्गापासून येत नाही.

परंपरेतून आलेले शिक्षक वेगळ्या बाजूनं हरकत घेतात. प्रत्येक आसनाचा आपला परिणाम आहे, क्रमाला अर्थ आहे, तुम्ही सगळं एका मापानं मोजून आसनांचा व्यायाम करून टाकता, असं ते म्हणतात. ही हरकत मनापासूनची असते आणि तिच्यात तथ्यही आहे: श्वासाकडे लक्ष, शेवटची विश्रांती, शिक्षकावरचा विश्वास या गोष्टी वर्गाला बळ देतात आणि त्या काढून टाकाव्यात असं कोणी म्हणत नाही. पण पायऱ्या आणि मोजमाप ही काही परक्यांची देणगी नव्हे. अय्यंगारांनी पुण्यात पट्टे, ठोकळे, खुर्च्या आणि दोर वापरून केलं ते हेच होतं: आसन माणसाच्या आवाक्यात आणणं. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं, ते योगक्रियांचे परिणाम प्रयोगशाळेत तपासून पाहण्यासाठी. परंपरेचा मान राखायचा तर या दोघांची ही बाजूही शिष्यांपर्यंत गेली पाहिजे.

मोजमाप म्हटलं की शिक्षक बिचकतात, पण त्यासाठी यंत्र लागत नाही. पहिल्या दिवशी प्रत्येकाला विचारा: पाठीमुळे अडलेली तीन कामं कोणती? ‘ओट्याशी अर्धा तास उभं राहणं’, ‘लोकलमध्ये ठाणे ते दादर उभं जाणं’, ‘जमिनीवर जेवायला बसून कोणाचा हात न धरता उठणं’. प्रत्येकाला शून्य ते दहा गुण त्यालाच द्यायला सांगा, सहाव्या आणि बाराव्या आठवड्याला पुन्हा विचारा. जोडीला तीस सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठता येतं ते मोजा. अधिक काटेकोर हवं असेल तर ऑस्वेस्ट्री प्रश्नावलीची पडताळणी केलेली मराठी आवृत्ती २०१३ पासून उपलब्ध आहे. हे आकडे पेशंटला दाखवलेच पाहिजेत. दुखणं सातवरून सहावर आलं म्हणून हिरमुसलेल्या माणसाला आपलं उभं राहणं दहा मिनिटांवरून पस्तीसवर गेलंय, हे कोणीतरी सांगावं लागतं.

आणि वर्ग संपल्यावर पुढे काय, हेही आखणीचाच भाग आहे, कारण कंबरदुखी उलटते. ऑस्ट्रेलियातल्या ७०१ जणांच्या २०२४ सालच्या चाचणीत, फिजिओथेरपिस्टच्या थोड्या भेटींतून ज्यांना टप्प्याटप्प्यानं चालायची सवय लावली, त्यांचं दुखणं परत यायला लागलेल्या दिवसांचा मध्यक २०८ होता. बाकीच्यांचा ११२. म्हणून चालणं पहिल्या आठवड्यापासून वर्गाबाहेरचा गृहपाठ असावा. शेवटच्या वर्गात प्रत्येकानं स्वतःच्या अक्षरात एक कागद लिहावा: चालू पायरीसह दोन व्यायाम, चालण्याचे वार, दुखणं उफाळलं तर पहिले दोन दिवस कोणत्या पायरीवर उतरायचं आणि काय झालं तर थेट डॉक्टर गाठायचा. तीन महिन्यांनी शिक्षकानं प्रत्येकाला फोन करून त्याच तीन कामांचे गुण पुन्हा विचारावेत, मधेच वर्ग सोडून गेलेल्यांनाही. प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांना माझी सूचना आहे की शिकाऊ शिक्षकाचं प्रमाणपत्र परीक्षेच्या दिवशी देऊ नये. त्याच्या पहिल्या वर्गातल्या सगळ्या फोनच्या नोंदी जमा झाल्या की मगच द्यावं.